पहाटे तोंड उघडणारे मासे

सोनगीरजवळून,
रविवार, सकाळचे साडेदहा

आदरणीय भाईदास नाना यांच्या सेवेशी, आपला व्याही प्रेमराज याचा दोन्ही हात जोडून रामराम. आपली प्रकृती कशी आहे? मागच्या खेपेला जिना चढताना आपला उजवा गुडघा वाजत होता, तो अजून वाजतो की बसला? विहीणबाईंचा खोकला, गिरणीचा नवा पट्टा, कपाशीची तयारी आणि जावईबापू हितेंद्रराव, सगळं ठणठणीत असेल अशी आशा करतो. मयुरी आपल्याकडे सुखात आहे असं ती फोनवर सांगते. मागे गिरणी चालू असल्यामुळे मला अर्धंच ऐकू येतं, पण जे अर्धं येतं ते सुखाचंच असतं. आपण दर रविवारी नवलच्या टेम्पोतून पाठवता त्या पिठाच्या गोण्या वेळेवर येतात. आजच्याही आल्या. नवल ओट्यावर चहा पीत बसला आहे, त्याला जामनेरला परतायची घाई आहे आणि पत्र त्याच्याच हाती द्यायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. (थोडक्यात म्हणजे माझ्या मानाने. आपण माझी भाषणं ऐकलेली आहेत.)

फोन का केला नाही, असं आपण विचाराल. फोनवर माझा आवाज चढतो आणि आपण फोन कानापासून वीतभर लांब धरता, हे मी साखरपुड्याच्या दिवशीच पाहिलं आहे. शिवाय सध्या मी रागात आहे. राग आपल्यावर नाही, हे आधी स्पष्ट करतो. राग बाकी सगळ्यांवर आहे. गावावर, सरपंचावर, ग्रामपंचायतीच्या पेंटरवर, तळ्यातल्या चिलापी माशांवर आणि एका अशा माणसावर, ज्याचं नाव पत्राच्या ओघात येईलच. येत्या गुरुवारी ग्रामसभा आहे आणि तीत झुंबरबाईकडून गावतळं काढून घेणार आहेत. झुंबरबाई म्हणजे आमच्या गावची भोईण. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तळ्यात मासळीचं बीज सोडायचं, वाढवायचं आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचं, यावर तिचं घर चालतं. गेले पंधरा दिवस गावाने तिचं जाळं पाण्यात पडू दिलेलं नाही. कारण काय, तर तळ्यातले मासे मरत आहेत आणि ते तिने उपाशी मारले, असं गाव म्हणतं. नाना, मासे मरत आहेत हे खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे. आणि हे खोटं एका माणसाने माईकवरून एक तास दहा मिनिटं सांगितलं. तो माणूस मी.

आता झालं ते सांगतो. नरडाण्याच्या तेलगिरणीच्या फाटकावर मी तीस वर्षं भाषणं केली, हे आपल्याला ठाऊक आहे. पाळी सुटली की फाटकाबाहेर स्टूल, स्टुलावर मी. माणसाला एकदा ती सवय लागली की निवृत्तीनंतर स्टूल सुटतं, पण आतली खुमखुमी सुटत नाही. मार्च महिन्यात एका सकाळी फिरायला म्हणून तळ्याच्या बांधावर गेलो. सूर्य अजून उगवला नव्हता. पाहतो तर काय, पाण्यावर हजारो तोंडं! सगळी वर आलेली, सगळी उघडी, सगळी एकाच दिशेला, म्हणजे माझ्याकडे. (पुढे कळलं की ती माझ्याकडे नव्हती. वारा त्या बाजूने येत होता.) नाना, तीस वर्षांत मी इतकी शिस्तीची निदर्शनं पाहिली नव्हती. घोषणा नाही, धक्काबुक्की नाही, फक्त उघडं तोंड. माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर मी उघड्या तोंडाचा एकच अर्थ वाचत आलो होतो, आणि तो म्हणजे भूक. आणि भूक आली की मालक शोधायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. मालक शोधला. तळं कोणाच्या नावावर? झुंबरबाईच्या. झालं! एक जाळं आणि एक ट्यूब एवढीच मालमत्ता असलेल्या बाईला मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात 'ठेकेदार' करून टाकलं होतं.

हनुमान जयंतीला मारुतीच्या पटांगणात माईक होता. मी बोललो. कसा बोललो, हे मी सांगू नये, पण लोक रडले. 'उघडं तोंड, रिकामं पोट' हे वाक्य मला त्याच वेळी सुचलं आणि मी ते अकरा वेळा म्हणालो. भाषणाच्या मध्यात झुंबरबाई मागून उठली आणि एवढंच म्हणाली, "आबा, मासा उपाशी नही शेतस. त्यास्ले दम लागस. ऊन वर उनं का आपोआप खाले जातस." म्हणजे उन्हाळ्यात पहाटे पाणी कोंदतं, माशांचा श्वास अपुरा पडतो म्हणून ते वर येतात आणि ऊन चढलं की आपसूक खाली जातात. जे पुढे शिकलेल्या लोकांनी मला चार दिवस समजावलं, ते या बाईने तीन वाक्यांत सांगितलं होतं. मी काय केलं? माईक तोंडाजवळ ओढला आणि म्हणालो की प्रत्येक मालक हेच म्हणतो, आमच्या कामगारांना भूक नाही, त्यांना फक्त थकवा आहे! टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मारुतीपुढची कबुतरं उडाली. बाई खाली बसली. नाना, ती टाळी मला आजही कानशिलात बसल्यासारखी ऐकू येते.

दुसऱ्या दिवसापासून गाव तळ्यावर लोटलं. आमच्या लोकांना पुण्याची एवढी भूक असेल असं मला वाटलं नव्हतं. पहाटे पाचला बायका कणकेचे गोळे घेऊन हजर. धुळ्याच्या कुण्या ज्योतिषाने सांगितलं की राहू शांत करायचा तर त्रेचाळीस दिवस मासे जेवू घाला, मग मोटारसायकली येऊ लागल्या. कणीक संपली की शिळ्या पोळ्या, पोळ्या संपल्या की मुरमुरे, मग केळीचे वेफर, मग लग्नात उरलेली बुंदी. एका बहाद्दराने ढाब्यावरची शेवभाजी आणली, रश्श्यासकट! पाण्यावर तर्री तरंगली. मी त्याला म्हटलं, अरे, ती तिखट आहे. तर तो मला म्हणतो, "आबा, खान्देशना मासा शेतस, खातीन." आणि मी हसलो, नाना. तेव्हा मला हसू आलं. आज तो भेटला तर मी त्याला त्याच रश्श्यात बसवीन.

खरा घोळ पुढे आहे. मासे पहाटे तोंड उघडत, लोक पीठ टाकत, ऊन चढलं की तोंडं मिटत. लोक म्हणत, बघा, जेवले, तृप्त झाले. मग पूर्वी पाव तास उघडी राहणारी तोंडं अर्धा तास उघडी राहू लागली, मग तास, मग दोन तास. लोक म्हणाले, भूक वाढली, पीठ वाढवा. पीठ वाढवलं. पाणी हिरवंगार झालं, मग बुळबुळीत झालं, मग वास मारू लागलं. आणि दोन आठवड्यांपूर्वी सकाळी सव्वादोनशे कटला, रोहू आणि मृगल मासे पोटं वर करून काठाला लागले. गाव जमलं. आणि कोणी म्हणालं का की अरे, आपण टाकलेल्या पिठाकडे जरा बघा? नाही! सगळ्यांनी माझं वाक्य म्हटलं. उघडं तोंड, रिकामं पोट. ठेकेदाराने उपाशी मारले. जाळं बंद. गुरुवारी निकाल.

त्याच दिवशी माझी पुतणी पुनम सुट्टीला आली. ती धुळ्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रबंधाचा विषय आपल्याला वाचून दाखवला तर आपण जेवता जेवता थांबाल. तळ्यातला कोणता मासा दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे असतो आणि काय खातो. मी म्हणालो, बेटा, हा काय विषय आहे? माणसं काय खातात याचा पत्ता नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही यावर तासभर भाषण केलं होतं ना? तेव्हा तुम्हाला विषय वाटला." (मुलींना शिकवावं, असं मी शंभर सभांतून सांगितलं आहे. त्याचा त्रास घरात असा होतो.)

तिने मला चार दिवस बांधावर नेऊन बसवलं. उजाडण्यापूर्वीपासून अंधार पडेपर्यंत, दर दोन तासांनी नोंद. अट एकच, बोलायचं नाही, कारण आवाजाने मासे दबतात. नाना, मला पोलिसांनी तीन वेळा धरलं आहे, पण अशी शिक्षा कोणी दिली नव्हती. तिच्या वहीत मी चोरून पाहिलं. लिहिलं होतं, 'सहा वाजून दहा मिनिटं, काका खोकले. मासे खाली.' पुढे, 'सात वाजून पाच, काका स्वतःशी बोलले. मासे खाली.' शेवटी एका पानावर अडथळ्यांची यादी होती. बगळा, म्हशी, काका. या क्रमाने.

पण त्या चार दिवसांत मी जे पाहिलं ते तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मासे काही सगळे एक नसतात हो. त्यांच्या पाळ्या आहेत! कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. तो ऊन चढलं की वरच्या थरात येतो आणि पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना दिसतही नाहीत असे जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते, तो मधल्या पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती खुडतो. मृगल तळाशी चिखलात नाक खुपसून असतो. भर दुपारी ऊन तापलं की तिघेही खोल जाऊन गप्प पडतात, संध्याकाळी पुन्हा कामाला लागतात. मरळ गवतात लपून बसते आणि सांज झाली की झडप घालते. ती वर येऊन हवेतूनही श्वास घेते, म्हणून पाणी कितीही कुजलं तरी तिचं काही बिघडत नाही. (अशी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात. मी नावं घेत नाही.) आणि चिलापी! ती सकाळ, दुपार, संध्याकाळ, काहीही, कुठेही, कितीही खाते. आमच्या गावाचं पीठ थोडंफार खाल्लं असेल तर तिने. पुनमने मेलेल्या बारा माशांची पोटं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रोहूच्या पोटात शेवाळ, मृगलच्या पोटात चिखल, कटल्याच्या पोटात हिरवट लगदा आणि पिठाचा नावापुरता अंश. पोटं भरलेली होती, नाना. एकही मासा उपाशी मेला नव्हता. बाकी सगळं पीठ तळाला जाऊन कुजलं, कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. रात्री शेवाळही प्राणवायूच ओढतं. म्हणून पहाटे पाण्यात सर्वांत कमी श्वास उरतो. आणि नेमकं त्याच वेळी, बिचारे श्वासासाठी तोंड वर काढतात तेव्हा, आम्ही त्या तोंडावर कणकेचा गोळा मारतो. गळा आवळलेल्या माणसाला पुरणपोळी भरवायची आणि वर म्हणायचं, बघा किती आवडीने तोंड उघडतो!

एवढं कळल्यावर मी स्वस्थ बसेन का? गेल्या मंगळवारी चावडीवर सभा बोलावली आणि उभा राहिलो. म्हणालो, बंधूंनो, माझं चुकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, टाळ्या वाजवू नका, मी खरंच सांगतो, माझं चुकलं. अजून टाळ्या. त्यांना वाटलं, ही माझ्या बोलण्याची पद्धत आहे, आता पुढे 'पण' येणार. मी म्हणालो, पीठ बंद करा. तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या. आमचे सरपंच जितेंद्र यांनी खिशातून मोबाइल काढला, माईकला लावला आणि माझंच हनुमान जयंतीचं भाषण सुरू केलं. "हाई तुम्हनंच भाषण शे ना आबा?" मी म्हटलं, हो, माझंच. "मंग हाई बरोबर का ते बरोबर?" मी म्हटलं, आजचं बरोबर. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, कोनी दबाव टाका का तुम्हनावर?" दुसरा म्हणाला, "ठेकेदारनी पाकीट दिधं व्हई!" झुंबरबाईने मला पाकीट दिलं! ज्या बाईच्या घरी पंधरा दिवस चूल धड पेटलेली नाही तिने! मी संतापलो, ओरडलो, टेबलावर मूठ आपटली. आणि नाना, वाईट हे की मी उत्तम बोललो. आवाज लागला होता, वाक्यं जुळत होती, पण समोर मोबाइलमधला मी माझ्यापेक्षा उत्तम बोलत होता. स्वतःशी वादविवाद हरलेला वक्ता आपण पाहिला आहे का? मी आहे तो.

वर त्या पेंटरने बांधाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत ऑइलपेंटने 'उघडं तोंड, रिकामं पोट' लिहून खाली माझं नाव घातलं आहे. मी चुना घेऊन पुसायला गेलो तर शिपायाने अडवलं. म्हणाला, पंचायतीच्या ठरावाशिवाय विचारवंतांचं वाक्य पुसता येत नाही. मी म्हणालो, विचारवंत मीच आहे. तो म्हणाला, मग अर्ज करा.

तर हे असं आहे. पुनमचं म्हणणं सोपं आहे. भाषण नको, ग्रामसभाच गुरुवारी पहाटे पाच वाजता तळ्यावर भरवा. पीठ टाकू नका, फक्त बघत बसा. ऊन चढलं आणि काही न खाता तोंडं मिटली, तर भूक नव्हती हे शेंबडं पोरही सांगेल. सरपंच या गोष्टीला तयार झाले, कारण त्यात माझं भाषण नाही. आता नवलने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला आहे. विहीणबाईंना नमस्कार, हितेंद्ररावांना आशीर्वाद. मयुरीला सांगा की तिचा बाप हल्ली दिवसातले सहा-सहा तास गप्प बसतो. तिचा विश्वास बसणार नाही, पण सांगा.

आपला,
प्रेमराज

ता. क. पत्र मिटताना लक्षात आलं की ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. नाना, गाव मूठ-मूठ पीठ टाकतं. गोण्या आपल्या असतात. दर आठवड्याला सहा, चाळलेलं गव्हाचं पीठ, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ. यात आपला काडीचा दोष नाही, कारण माझ्या भाषणानंतर फोन करून मीच मागितलं होतं आणि आपण एका शब्दावर 'आबा, तुम्ही म्हणता तर पाठवतो' म्हणालात. तेव्हा ते आता बंद करावं, ही विनंती. आणि दुसरी, गुरुवारी पहाटे आपण स्वतः इथे यावं. माझ्या थांबवण्याने पीठ थांबत नाही. पण पीठ देणाराच बांधावर उभा राहून 'आता नको' म्हणाला तर गाव ऐकेल. आपल्याला फार बोलावं लागणार नाही. गुडघ्यासाठी खुर्ची ठेवतो.

ता. क. दोन. टेम्पोच्या मागच्या बाजूला पाहिलंत तर पाच गोण्या दिसतील. त्या आजच्याच आहेत. मुलीच्या सासरहून आलेली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा परत पाठवतो आहे. राग आला तर माझ्यावर काढा, मयुरीला यातलं काही माहीत नाही. आणि तो राग इथे येऊनच काढा, गुरुवारी, पाचच्या आत.

ता. क. तीन. सहावी गोणी ठेवून घेतली आहे, आपली परवानगी न विचारता. आत्ता ती डोक्यावर घेऊन झुंबरबाईच्या दारात गेलो होतो. पंधरा दिवसांत ज्या घराकडे बघायला हवं होतं तिकडे मी पहिल्यांदा बघितलं. सगळं बोलणं पाठ करून गेलो होतो, क्षमेचं, चांगलं चार परिच्छेदांचं. पहिलं वाक्य सुरू केलं तोच ती म्हणाली, "पीठ लेसू आबा. भाषण नको." मी गोणी उतरवून दिली आणि गप्प परत आलो.